कोकरू सूर मारून यायला हवं: अडलेली मेंढी सोडवताना

माणसाचं मूल पायांकडून जन्मलं की त्याला पायाळू म्हणतात. मग पायाळूच्या लाथेनं उसण उतरते, पायाळूवर वीज पडते, असं बरंच काही त्याच्या नावावर जमा होतं. मेंढीत मात्र पाय आधी येणं हाच नेम आहे. विहिरीच्या काठावरून पोर सूर मारतं तसं कोकरू येतं: पुढचे दोन्ही पाय लांब केलेले, त्यांच्यावर हनुवटी टेकलेली आणि मागून खांदे. म्हणून नुसते पाय दिसले म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही, आणि बिघडलं आहे असंही नाही. पाय पुढचे की मागचे, दोन्ही एकाच कोकराचे का, आणि त्यांच्या मागं नाक आहे का, एवढं कळल्याशिवाय ओढायचं नाही. मेंढीचं गर्भाशय फाटतं, कोकराची मान मोडते ती पुष्कळदा या ओळखीआधीच्या ओढण्यानं.

खालची माहिती मेंढीसाठी आहे. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात अथणी, रायबाग, चिकोडीकडं बरेच धनगर मेंढरांनाच बकरी म्हणतात, शेजारचे कुरुबर कुरी म्हणतात. नाव काहीही असो, पोटातली गोष्ट एकच. शेळीला यातलं जवळजवळ सगळं तसंच्या तसं लागू पडतं. गाय, म्हैस, घोडी, डुकरीण यांचा फरक शेवटी आहे.

दिवस मोजणं

मेंढी फळल्यापासून सरासरी १४७ दिवसांनी विते. १४२ ते १५२ हा नेहमीचा टप्पा. चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचे १४७ दिवस आणि वर अर्धा. त्यामुळे तिथी लक्षात ठेवली तरी पुरते. ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडच्या कर्नाटकी बेंदराला फळलेली मेंढी त्रिपुरी पौर्णिमेच्या मागंपुढं विणार. मध्ये अधिक महिना आला तर एक महिना अलीकडं, कोजागरीला तयारीत राहावं.

शेवटच्या सहा आठवड्यांत कोकराची सुमारे ७० टक्के वाढ होते. या काळात मेंढी उपाशी राहिली तर कोकरू अशक्त जन्मतं. खुराक बेताबाहेर गेला तर कोकरू मोठं होतं आणि मेंढीच्या कमरेत चरबी साठून वाट अरुंद होते. ऊसपट्ट्यात आणखी एक भानगड आहे. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं, फडात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं आणि नेमक्या त्याच वेळी मेंढ्या वितात. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियम कमी पडलं की गर्भाशयाला कळा देण्याची ताकद राहत नाही. कोकरू सरळ असूनही मेंढी नुसती बसून राहते. शेवटच्या महिन्यात नुसत्या वाड्यावर कळप ठेवू नये. वाडं घालायचंच तर चुन्याची निवळी शिंपडून घालावं आणि बरोबर कडबा, शेंगवर्गी पाला द्यावा.

मेंढ्याची निवडही इथंच मोजायची. महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातल्या माडग्याळवरून ज्यांचं नाव पडलं ती माडग्याळ मेंढरं उंच आणि बाकदार नाकाची असतात. त्या मेंढ्याचं कोकरू मोठं होतं आणि बाजारात भाव चांगला येतो, म्हणून सीमेअलीकडं तो मेंढा सर्रास फिरवतात. थोराड दख्खनी मेंढीला तो चालतो. पहिलारू, बारक्या चणीच्या मेंढीला लावला तर मोठ्या डोक्याच्या कोकरानं ती अडण्याची शक्यता आपणच वाढवलेली असते.

हाताशी काय हवं

मऊ सुती दोर तीन, प्रत्येकी मीटरभर, करंगळीपेक्षा बारीक, टोकाला फास. त्यातल्या एकाला जादा गाठ मारून ठेवावी म्हणजे अंधारात कोणता दोर कोणत्या पायाला आहे ते कळतं. दोर पंधरा मिनिटं उकळून स्वच्छ पिशवीत ठेवावेत. नायलॉनची सुतळी कातडी कापते, ती नको. शिवाय कोपराच्या वर जाणारे हातमोजे, अंगाचा साबण, पोव्हिडोन आयोडीन, नाळेसाठी ७ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन, अर्धा लिटर लिक्विड पॅराफिन, थर्मामीटर, डोक्याला बांधायची बॅटरी, जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे आणि दूध पाजायची बाटली. पॅराफिन नसलं तर स्वच्छ खोबरेल चालतं. कपडे धुण्याची पावडर हाताला लावून आत घालतात, तिनं आतली त्वचा भाजते आणि नैसर्गिक बुळबुळीतपणा धुऊन जातो. फिरता कळप असेल तर हे सगळं पत्र्याच्या एका डब्यात मावतं आणि घोड्यावर बिऱ्हाडाबरोबर जातं.

हातमोजे ही चैन नव्हे. मेंढ्या-शेळ्यांतला ब्रुसेला हा जंतू गाभण जनावराला गाभडवतो, आणि वार, पाणी, मेलेलं कोकरू यांच्यातून माणसाला लागतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, घाम, सांधेदुखी मागं लागते. हातावर चीर असेल तर मोज्याशिवाय हात घालू नये. गरोदर बाईनं विणाऱ्या मेंढीजवळ थांबू नये, वार उचलू नये, तिचे कपडेही त्या पाण्यात भिजू नयेत. त्याखेरीज घरात बारीक हाताची बाई असेल तर हे काम तिनं करणं सगळ्यांत चांगलं. दख्खनी मेंढीच्या कमरेतून रुंद पंजा नीट जातच नाही.

घड्याळ

पहिला टप्पा गर्भाशयाचं तोंड उघडण्याचा. मेंढी कळपापासून बाजूला होते, पुढच्या पायानं जमीन उकरते, बसते-उठते, स्वतःच्या कुशीकडं वळून बघते. याला चार ते सहा तास लागतात, पहिलारूला बारापर्यंत. या वेळात हात घालायचा नाही; तोंड उघडलेलं नसतं, हात घालून फक्त घाण आत जाते.

दुसरा टप्पा पाण्याची पिशवी दिसल्यापासून. पिशवी आपण फोडायची नाही. ती दिसल्यावर साधारण तासाभरात कोकरू खाली पडलं पाहिजे. मेंढी अर्धा तास जोर लावून कण्हतेय आणि काहीच पुढं सरकत नाही, किंवा पिशवी फुटून तास झाला, किंवा एक पाय, नुसतं डोकं, नुसती शेपटी असं काही विचित्र दिसलं, तर हात घालून तपासायची वेळ झाली. जुळ्यातलं दुसरं कोकरू सहसा दहा मिनिटं ते तासाभरात येतं.

यात एक फसवी गत असते. मेंढी रात्रभर बेचैन होती, सकाळी गप्प उभी आहे, चरत नाही, पिशवी दिसली नाही, जोरही लावत नाही. ‘अजून वेळ आहे’ म्हणून तिला सोडून देतात. अशा वेळी पुष्कळदा आत कोकरू बुडाकडून किंवा आडवं बसलेलं असतं. कमरेच्या वाटेत पाय-डोकं घुसल्याशिवाय मेंढीला जोराच्या कळा सुटत नाहीत. वाटेत काही घुसलंच नाही, म्हणून ती शांत. दुसऱ्या दिवशी वास यायला लागतो तेव्हा कळतं.

आत हात घालताना

नखं काढा. अंगठी, बांगड्या, हातातला दोरा उतरवा. मेंढीची निरण (योनीचं बाहेरचं तोंड) आणि शेपटीचा भाग साबणानं धुवा, मग स्वतःचे हात कोपरापर्यंत, मग मोजे आणि त्यांच्यावर भरपूर पॅराफिन. पाचही बोटं मिटवून टोकदार करा आणि दोन कळांच्या मधल्या वेळात, हळू फिरवत हात आत न्या. कळ आली की हात जिथं असेल तिथं थांबवा. कळेविरुद्ध ढकललं तर गर्भाशय फाटतं.

मेंढी बांधाच्या उताराला, डोकं खाली आणि मागचा भाग वर अशी धरली की पोटातलं ओझं पुढं सरकतं आणि हाताला जागा होते. जागा फारच कमी वाटली तर मदतनिसानं तिचे मागचे पाय काही मिनिटं उचलून धरावेत. जास्त वेळ नको, तिला धाप लागते.

गर्भाशयाचं तोंड बांगडीसारखं घट्ट लागलं आणि दोन-तीन बोटांपलीकडं जाईना, तर थांबा. ते ताणून उघडत नाही, फाटतं. डॉक्टरांना बोलवा, सिझेरियन लागू शकतं.

तोंड उघडं असेल तर बोटांनी वाचायला लागा. पहिल्यांदा पाय. खुरापासून वर जा. खुरावरचा पहिला सांधा आणि त्यावरचा दुसरा सांधा दोन्ही एकाच दिशेला वाकत असतील तर तो पुढचा पाय. पहिला एकीकडं आणि दुसरा उलट दिशेला वाकत असेल, दुसऱ्या सांध्याला मागं टोकदार हाड लागत असेल, तर तो मागचा पाय. ते टोक म्हणजे जनावराची टाच. नुसत्या खुरांच्या तळव्यांवर विसंबू नका. तळवे जमिनीकडं असतील तर बहुधा पुढचे पाय, आभाळाकडं असतील तर बहुधा मागचे. पण कोकरू पाठीवर उताणं असलं की हा हिशोब उलटतो. सांधे फसवत नाहीत.

दुसरं, दोन्ही पाय एकाच कोकराचे आहेत का. एका पायावरून बोटं सरकवत खांद्यापर्यंत जा, छातीवरून आडवं जा, दुसऱ्या खांद्यावरून दुसऱ्या पायाच्या खुरापर्यंत परत या. माग मध्येच तुटला तर दुसरं कोकरू आडवं आलेलं आहे. तिसरं, ते जिवंत आहे का. तोंडात बोट घातलं की चोखतं, खुराच्या फटीत चिमटा घेतला की पाय ओढून घेतं, उलटं असेल तर गुदात बोट लावल्यावर ते आवळतं. प्रतिसाद नाही म्हणजे मेलंच असं मात्र धरू नये.

कोकरं वाकडी का येतात, हेही इथं सांगायला हवं. शेवटच्या काही तासांत कोकरू स्वतः हलून, पाय लांब करून, डोकं वर आणून सूर मारायच्या तयारीत येतं. ते काम आईचं कमी, पिल्लाचं जास्त. पोटात मेलेलं, दिवसांआधी निघालेलं किंवा अशक्त कोकरू ते करू शकत नाही, म्हणून त्यांच्यातच मुडपलेल्या माना आणि दुमडलेले पाय जास्त दिसतात. एका हंगामात कळपात पाच-सहा कोकरं अशी आली तर वाईट नजर शोधत बसू नका. गाभडण्याच्या रोगाची आणि खाण्याची तपासणी करून घ्या.

एकेक गत

*नाक आणि दोन पाय आहेत, पण अडलंय.* कोकरू मोठं असेल किंवा कोपर कमरेच्या हाडाला अडकलेलं असेल. कोपर अडकलं की नाक आणि खुरं एका रेषेत दिसतात. नीट आलेल्या कोकराची खुरं नाकाच्या पुढं असतात. डोकं किंचित आत ढकला, एकेक पाय धरून वर आणि पुढं ओढा, कोपर टक्कन सुटल्याचं हाताला कळतं. मोठ्या कोकराला भरपूर पॅराफिन लावा आणि दोन्ही पाय एकदम ओढण्याऐवजी आधी एक, मग दुसरा असे चालवल्यासारखे ओढा. त्यानं दोन खांदे तिरके होऊन एकामागून एक निघतात. ओढायची दिशा सरळ मागं नाही, तर कमानीसारखी, मेंढीच्या टाचांकडं खाली. ओढायचं फक्त कळेबरोबर, आणि एकाच माणसाच्या ताकदीनं. दुसरा माणूस ओढायला लागला म्हणजे काहीतरी अजून ओळखलेलं नाही.

*नाक आणि एकच पाय.* कोकरू बारकं आणि मेंढी पोक्त असेल तर असंच निघूनही येतं. नसेल तर बाहेर आलेल्या पायाला आणि डोक्याला दोर लावून ठेवा. डोक्याचा दोर कानांच्या मागून आणि तोंडातून घ्यायचा. गळ्याभोवती फास कधीही नाही. मग कोकरू मागं ढकला, खांद्यावरून खाली जाऊन दुमडलेला पाय शोधा, खूर तळहातात पूर्ण झाकून घ्या आणि पुढं आणा. नवजात खुरांवर पिवळसर मऊ झालर असते, तरीही वळवताना खुराचं टोक गर्भाशयात घुसू शकतं. झाकणारा तळहात म्हणूनच.

*नुसतं डोकं बाहेर.* दोन्ही पाय मागं राहिलेत. डोकं सुजून भोपळ्यासारखं होतं, जीभ निळी पडते, बघणारे मेलं म्हणून सोडतात. तोंडात बोट घालून बघा. अशी बरीच कोकरं जिवंत निघतात. डोक्याला दोर लावा, सगळीकडं पॅराफिन लावा, मेंढीचा मागचा भाग उंच करून डोकं हळूहळू आत ढकला आणि एकेक पाय आणा. पाय दोन्ही मिळाले नाहीत तरी एक आला की बऱ्याचदा काम होतं. सूज इतकी असेल की डोकं आत जातच नाही, तर स्वतः खटपट करू नका.

*दोन पुढचे पाय, नाक नाही.* सगळ्यांत जास्त माणसं इथं चुकतात. पाय छान हाती लागतात, ओढले की दोन बोटं पुढंही येतात, आणि प्रत्येक ओढीला मागं वळलेली मान आणखी घट्ट मुडपते.

१. दोन्ही पायांना दोर लावा, दोर सैल सोडा. हे पाय ओढायचे नाहीत, हरवू द्यायचे नाहीत एवढंच.
२. छातीवर तळहात टेकवून, कळ थांबलेली असताना कोकरू आत ढकला.
३. मानेवरून बोटं चालवत डोकं कुठल्या कुशीला वळलंय ते शोधा. डोकं बहुतेक वेळा बरगड्यांवर टेकलेलं असतं. मान खाली, पायांच्या मध्ये गेलेली असेल तर काम अवघड.
४. जबड्याखाली बोटं घालून तोंड तळहातात घ्या. कोकराला दात असतात, ते गर्भाशयाला घासू नयेत म्हणून तोंड झाकलेलंच हवं.
५. दुसऱ्या हातानं किंवा मदतनिसाकरवी छाती मागं ढकलत डोकं फिरवून वाटेत आणा आणि डोक्याला दोर लावा.
६. आता तिन्ही दोर एकत्र, कळेबरोबर.

पंधरा मिनिटांत डोकं हाती आलं नाही तर थांबा.

*मागचे दोन पाय आणि शेपटी.* हे कोकरू फिरवून सरळ करायचं नाही. ते आहे तसंच, मागच्या पायांनीच काढायचं. आधी सरळ मागं आणि जरा वर ओढत कुल्ले बाहेर आणा, मग खाली. कुल्ले बाहेर येईपर्यंत सावकाश. त्यानंतर मात्र थांबायचं नाही. या घडीला नाळ कमरेच्या हाडाखाली चेपलेली असते, डोकं अजून पाण्यात असतं, आणि नाळ चेपली की कोकरू श्वास घ्यायला बघतं. मग हवेऐवजी पाणी छातीत जातं. बाहेर आल्या आल्या तोंड आणि नाकपुड्या पुसून काढा.

*नुसती शेपटी.* मागचे पाय पोटाखाली पुढं दुमडलेले, बूड वाटेला लागलेलं. वर सांगितलेली गप्प मेंढी ती हीच. बूड आत ढकला, मांडीवरून खाली जाऊन टाच शोधा, ती घट्ट दुमडूनच ठेवा. मग टाच बाहेरच्या बाजूला आणि खूर आतल्या बाजूला, मधोमध, असा पाय फिरवत, खूर तळहातात झाकून वाटेत आणा. दुसराही तसाच. पुढचं काम मागच्या पायांच्या कोकरासारखं.

*जुळी गुंतली.* चार पाय किंवा दोन डोकी लागली की एकाचे पाय दुसऱ्याशी जोडण्याची चूक होते. खांद्यापर्यंत माग काढून एका कोकराला दोर लावा, दुसरं आत ढकला. एक सरळ आणि एक मागच्या पायांनी आलं असेल तर मागच्या पायांचं आधी काढणं सहसा सोपं पडतं, कारण त्याचं डोकं वळवत बसावं लागत नाही.

*हाताला नुसती पाठ किंवा बरगड्या.* आडवं कोकरू. जवळचे पाय, शक्यतो मागचे, वाटेत आणून काढतात, पण हे काम डॉक्टरांचं समजावं.

इंजेक्शनबद्दल

ऑक्सिटोसिन दुकानातून आणून टोचायची पद्धत घातक आहे. त्यानं गर्भाशय जोरात आकुंचतं, एवढंच. कोकराची मान वळलेली असेल, ते आडवं असेल, तोंड उघडलेलं नसेल, तर तेच आकुंचन गर्भाशय फाडतं. वाट मोकळी आहे याची हातानं खात्री झाल्याशिवाय ते कोणीही देऊ नये, आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

डॉक्टरांसाठी १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फोन आहे. फोनवर पाच गोष्टी सांगा: पिशवी कधी फुटली, बाहेर काय दिसतंय, हाताला कोणते पाय लागले, आतापर्यंत कोणी ओढलं का, कुठलं इंजेक्शन दिलं का. ओढलं असेल तर लपवू नका. डॉक्टरांचा पहिला निर्णय त्यावरच ठरतो. पलीकडचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर मरी म्हणजे पिल्लू, मुंदिन कालू पुढचा पाय, हिंदिन कालू मागचा, तली डोकं, आणि आडवं असेल तर ‘मरी अड्ड ऐती’, एवढ्यावर निभतं.

कोकरू खाली पडल्यावर

नाकातोंडावरचा पडदा काढा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा म्हणजे ते शिंकतं, आणि कापडानं बरगड्या जोरात चोळा. पाय धरून गरगरा फिरवण्याची रीत सोडा. उलटं लटकवलं की पोटातलं सगळं फुप्फुसांवर दाबतं, आणि निसटलं तर डोकं जमिनीवर. कोकराला त्याच्याच छातीवर टेकवून, पुढचे पाय दोन्हीकडं करून ठेवलं की दोन्ही फुप्फुसं उघडतात.

नाळ चार-पाच सेंटिमीटर राहू द्या आणि आयोडीनमध्ये बुडवा, काही तासांनी पुन्हा एकदा. नाळेला शेण, राख लावली तर धनुर्वाताला वाट मिळते. कोकरू आईच्या तोंडापुढं ठेवा, तिला चाटू द्या. मग दोन्ही सडांतून पहिली धार काढून टाका; सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो, अशक्त कोकराला तो फुटत नाही.

चीक दोन तासांच्या आत. एका वेळी किलोमागं ५० मिली, दिवसभरात किलोमागं २०० मिली. तीन किलोच्या कोकराला १५० मिली असं चार वेळा. ओढून काढलेलं कोकरू थकलेलं असतं, ते आपणहून सड शोधेल या भरवशावर राहू नका. तोंडात बोट घातल्यावर चोखत नसेल तर बाटलीनं ओतू नका, चीक फुप्फुसात जातो. अशा वेळी नळीनं पाजावं लागतं, ते शिकून घेतलेलं बरं. अंगाचं तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइट हवं. ९९ च्या खाली गेलेलं कोकरू पाच तासांच्या आतलं असेल तर आधी कोरडं करून ऊब द्या, मग चीक. पाच तासांहून जास्त वयाचं आणि थंड असेल तर आधी डॉक्टरांकडून ग्लुकोज. त्याच्या अंगातली साखर संपलेली असते आणि नुसती ऊब दिली की झटके येऊन मरतं.

सगळं झाल्यावर धुतलेला हात पुन्हा एकदा आत घालून आणखी कोकरू आहे का बघा. मदत करावी लागलेल्या मेंढीला प्रतिजैविक आणि वेदनाशामक डॉक्टरांकडून घ्या. वार साधारण सहा तासांत पडते. ती ओढायची नाही, तिला दगड बांधायचा नाही. बारा तासांत पडली नाही तर दाखवा. पडलेली वार कुत्र्यांना घालू नये, चुना टाकून खोल पुरावी.

इतर जनावरं

शेळी मेंढीसारखीच, फक्त ओरडून गाव गोळा करते आणि तिळी जास्त देते. गायी-म्हशीचं पिल्लू त्याच सुरात येतं, पिशवी दिसल्यावर दोन तासांपर्यंत वाट बघता येते. म्हशीत मात्र गर्भाशयालाच पीळ पडण्याचं प्रमाण मोठं. दिवस भरलेली म्हैस पोट दुखल्यासारखी लाथा झाडते, कळा देते, पण पिशवी दिसत नाही. असा पीळ आतून हातानं सरळ होईल या आशेवर वेळ घालवू नये. डॉक्टर म्हशीला लोळवून तो सोडवतात, आणि चुकीच्या दिशेला लोळवलं तर तो वाढतो. वासरू ओढायला दोन-तीन माणसांच्या वर ताकद लावायची नाही. ट्रॅक्टरला दोर बांधण्याचा विषयच काढू नये.

घोडीचं शिंगरू येताना एक पाय दुसऱ्याच्या वीतभर पुढं असतो, त्यानं खांदे तिरके होऊन निघतात. दोन्ही पाय सारखे करायला जाऊ नका. घोडीला पाणी गेल्यापासून अर्धा तासच असतो. निरणीत पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी दिसली तर ती लगेच फाडून शिंगरू काढावं, कारण वार आधीच सुटलेली असते आणि त्याचा श्वास बंद होत असतो.

डुकरिणीची आणि कुत्रीची पिल्लं कुठल्याही टोकानं येतात आणि दोन्ही ठीक. कुत्रीत साधारण दहातली चार मागच्या बाजूनं येतात. त्यांचे पाय आखूड आणि लवचीक, अडकायला लांब सांधे नसतात. डॉल्फिन सहसा शेपटीकडून जन्मतो.

कळपाच्या वहीत

कोकरू वाकडं आलं म्हणून मेंढी विकू नका. पुढच्या वेताला ते पुन्हा तसंच येईल असं नाही. ज्या मेंढीचं मायांग (योनी किंवा गर्भाशय) बाहेर पडलं, गर्भाशयाचं तोंड उघडलंच नाही, किंवा कमरेची वाट मुळातच अरुंद लागली, तिच्या कानाला खूण करा आणि पुढच्या बेंदराच्या आत बाजार दाखवा. तिच्या पैदाशीसाठी राखलेल्या मादी पाठरूंवरही नजर ठेवा, आणि पहिल्या वेताला त्यांना माडग्याळ मेंढा लावू नका.